कुसुंबी रंग, कुसुंबी शब्द : रंगकामाच्या नोंदी

८ जानेवारी

आमच्या मालवण तालुक्यातील गावच्या वाचनालयात २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, फुलांवरून आलेल्या रंगनामांचा एक फलक लावायचे ठरले आहे. प्रत्येक शब्दाखाली त्याच्या अर्थाची चिठ्ठी असेल आणि शेजारी त्या रंगाचे कापड असेल. जे कापड त्या फुलानेच रंगवता येईल ते बाजारातून आणायचे नाही, अशी अट मी स्वतःच घातली आहे. दुसऱ्या कोणाला हे काम करायचे झाले तर त्याचा वेळ वाचावा, म्हणून या नोंदी ठेवत आहे.

कामाला हात घालताच शब्दांचे दोन गट पडले. गुलाबी आणि अबोली हे शब्द फुलाच्या दिसण्यावरून आले आहेत. त्या फुलांनी कापड टिकाऊ रंगत नाही. गुलाब हा शब्द मुळात फारसी आहे, गुल म्हणजे फूल आणि आब म्हणजे पाणी. गुलाबपाण्याचे नाव आपल्याकडे फुलालाच मिळाले आणि त्या फुलावरून रंगाला. केशरी आणि कुसुंबी यांचे तसे नाही. या दोन रंगांत कापड खरोखर बुडत असे आणि रंगाऱ्याच्या भांड्यातूनच ती नावे भाषेत आली. जांभळा, डाळिंबी, अंजिरी हे शब्द फळांचे असल्यामुळे वगळले आहेत.

केशरीचा प्रश्न लगेच सुटला. अस्सल केशर परवडणारे नव्हते, परंतु शरदात वेचून वाळवलेले प्राजक्ताचे देठ एका घरी बरणीत होते. प्राजक्ताच्या देठातील रंगद्रव्य आणि केशरातील रंगद्रव्य एकाच कुळातले, क्रोसेटिनचे, असल्याने ही अदलाबदल मला प्रामाणिक वाटते; चिठ्ठीवर तसे स्पष्ट लिहिणार आहे. कोमट पाण्यात देठ भिजवून रेशमाची एक लडी दुपारपर्यंत रंगून झाली.

खरी अडचण कुसुंबीची आहे. कुसुंबी म्हणजे नेमका कोणता रंग, यावर वाचनालयातील तीन जाणत्या माणसांची तीन मते पडली. शिवणकाम करणाऱ्या काकूंच्या मते तो गडद गुलाबी, निवृत्त गुरुजींच्या मते नारिंगीकडे झुकणारा लाल, आणि बाजारपेठेतील साडीच्या दुकानात कुसुंबी मागितल्यावर जांभळट लाल पैठणी पुढे आली. कोणाचे बरोबर, हे कोशात पाहून ठरवण्यापेक्षा त्या फुलाने कापड रंगवून पाहावे, असे ठरवले.

१४ जानेवारी

आधी फूल कोणते, हे पक्के करावे लागले. संस्कृतातील कुसुंभ म्हणजे आपली करडई. कुसुंभ, कुसुंबा, कुसुंबी अशी शब्दाची सरळ वाट आहे आणि शेवटचा ईकार गुलाबाचा गुलाबी करणाराच आहे. कालिदासाच्या ऋतुसंहारात वसंताचे वर्णन करताना कुसुंभाच्या रंगाने लाल झालेली वस्त्रे येतात, म्हणजे या रंगाचा मान जुना आहे. वनस्पतिशास्त्रातील कार्थमस टिंक्टोरियस या नावातही तेच साठवले आहे: कार्थमस हा अरबी कुर्तुमचा लॅटिन अवतार आणि टिंक्टोरियस म्हणजे रंगाऱ्याच्या उपयोगाचा.

मराठीत मात्र या झाडाची वाटणी झाली. झाड आणि तेल करडईच्या वाट्याला गेले, रंग कुसुंबीच्या वाट्याला आला, आणि दोन्ही शब्दांत ध्वनीचे साम्य न राहिल्यामुळे करडईचे तेल रोज फोडणीला घालणाऱ्या घरातही कुसुंबी म्हणजे करडईच्या फुलाचा रंग हे कोणी सांगत नाही. गुजरात-राजस्थानात कसुंबा हे नाव अफूच्या पेयालाही आहे, त्यामुळे जुन्या मजकुरात हा शब्द दिसला की तो रंग आहे की पेय, हे संदर्भावरून पाहावे लागते.

कोकणात आणखी एक गुंता आहे. आमच्याकडे कुसुंब किंवा कोशिंब नावाचा मोठा वृक्ष आहे आणि शिमग्याच्या सुमारास त्याला लालबुंद पालवी फुटते. विचारलेल्या बहुतेकांनी बोट त्या झाडाकडेच दाखवले. पालवी अजून आलेली नाही. आली की तीही तपासून पाहायची आहे.

१९ जानेवारी

करडई हे रब्बीचे पीक आहे आणि ते सोलापूर, मराठवाडा अशा कोरड्या हवेच्या, काळ्या जमिनीच्या मुलखात होते. आमच्या जांभ्या जमिनीत त्याचे नावही नाही. म्हणून सुक्या पाकळ्या बाजारात शोधल्या. काढ्यासाठी विकली जाणारी ५० ग्रॅमची दोन पाकिटे १८० रुपयांना मिळाली. पाकळ्या तपकिरी पडलेल्या होत्या, तरीही काम चालवून पाहिले. पिवळे पाणी भरपूर सुटले, लाल जवळजवळ काहीच निघाले नाही आणि मांजरपाटाच्या तुकड्यावर फिकट साबुदाण्यासारखी छटा आली. पाकळ्या जुन्या होत्या, आणि बहुधा फूल पिवळे असतानाच खुडलेल्या असाव्यात.

यातून कळलेली गोष्ट उपयोगाची आहे. करडईचे फूल उमलताना पिवळे असते आणि सुकू लागले की नारिंगी-लाल होते. ज्या लाल द्रव्याची आपल्याला गरज आहे, ते कार्थमिन, या सुकण्याच्या काळातच तयार होते. म्हणून पाकळ्या फूल लाल झाल्यावर खुडलेल्या हव्यात. तोवर फळधारणा झालेली असल्याने शेतकऱ्याच्या बियांचेही नुकसान होत नाही. विकत घेताना भाव विचारण्याआधी रंग पाहावा, आणि पिवळ्या किंवा तपकिरी पाकळ्या स्वस्त असल्या तरी घेऊ नयेत.

२ फेब्रुवारी

सोलापूरकडील एका शेतकरी कुटुंबाकडून यंदाच्या, लाल झाल्यावर खुडलेल्या आणि सावलीत वाळवलेल्या पाकळ्या अर्धा किलो आल्या. पाकळ्यांचे ६०० रुपये आणि पार्सलचे ९० रुपये झाले. त्यांच्या करडईला काटे आहेत, त्यामुळे खुडणी हातमोजे घालून करावी लागते आणि भाव त्या कष्टाचाच आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बिनकाट्याचे वाण काढले आहेत. फुलांसाठी कोणी मुद्दाम लागवड करणार असेल तर तेच वाण विचारात घ्यावे.

समुद्राकाठी पाकळ्या ठेवणे हे वेगळे काम आहे. पिशवी एक रात्र उघडी राहिली तेवढ्यात पाकळ्या दमट झाल्या आणि हाताला चिकटू लागल्या. बुरशी धरण्याआधी त्या परातीत पसरून घरातच, उन्हात न नेता, सुकवल्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत भाजलेल्या तांदळाची पुरचुंडी घालून ठेवल्या. घाटावरच्या माणसाला याची गरज पडणार नाही. कोकणात ही पहिलीच दक्षता घ्यावी.

४ फेब्रुवारी

करडईच्या पाकळीत दोन रंग असतात. पिवळा पाण्यात विरघळतो, लाल साध्या पाण्यात विरघळत नाही, आणि पिवळ्याचे प्रमाण लालपेक्षा कितीतरी अधिक असते. त्यामुळे पहिले काम म्हणजे पिवळा धुऊन काढणे. १०० ग्रॅम पाकळ्या मलमलीच्या पुरचुंडीत सैल बांधून रात्रभर गार पाण्यात ठेवल्या आणि सकाळपासून पिळायला घेतल्या. पहिले पाणी हळदीच्या पाण्यासारखे गर्द आले. पाणी बदलत राहिले तरी पिवळेपणा संपता संपेना. अख्खा दिवस यातच गेला.

दुपारनंतर एक गोष्ट खटकली. पिळलेल्या पाण्यात पिवळ्याबरोबर गुलाबी झाकही दिसू लागली. आमच्या घराची विहीर खाडीच्या बाजूला आहे आणि तिचे पाणी थोडे मचूळ लागते. पीएचची, म्हणजे पाणी आंबट की क्षारयुक्त हे दाखवणारी, पट्टी बुडवली तर ती आठच्या घरात, म्हणजे क्षाराकडे, गेली. लाल द्रव्य क्षारयुक्त पाण्यात सुटते, म्हणजे ज्या रंगासाठी हा खटाटोप चालला होता तोच मोरीत चालला होता. त्यानंतर प्रत्येक बादलीत अर्धे लिंबू पिळून पाणी किंचित आंबट केले आणि गुलाबी झाक थांबली. ज्यांच्याकडे पावसाचे साठवलेले पाणी किंवा डोंगराच्या झऱ्याचे गोडे पाणी आहे, त्यांनी तेच वापरावे. तरीही पट्टी लावून पाहावी.

पिवळे पाणी फेकून दिले नाही. त्यात सुती आणि रेशमी असे दोन तुकडे टाकले. सुती तुकडा धुतल्यावर पूर्ववत पांढरा झाला, रेशमी तुकडा मात्र पिवळाच राहिला. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरेल असे वाटते.

५ फेब्रुवारी

लाल काढण्यासाठी खार हवा. धुण्याचा सोडा वापरला तर काम सोपे होते, परंतु जुन्या रंगाऱ्यांकडे तो नव्हता. ते राख किंवा सज्जीखार वापरत. कोकणात नारळाच्या सोडणांची राख भरपूर असते आणि तिच्यात पोटॅशचे प्रमाण चांगले असते, म्हणून तीच घेतली. चुलीतील दोन शेर राख पातेल्यात पाणी घालून ढवळली, रात्रभर निवळू दिली आणि वरची निवळी फडक्यातून गाळली. पट्टीवर नऊ आले. एवढ्याने लाल नीट सुटत नाही, अकराच्या आसपास जावे लागते. निवळी आटवली, तिसऱ्या हिश्शावर आल्यावर पट्टी गडद निळी झाली.

मात्र ती पुरती निवू न देता पाकळ्यांवर ओतली गेली आणि १०० ग्रॅम पाकळ्या वाया गेल्या. पाणी विटकरी होऊन पाहता पाहता मळकट तपकिरी झाले. आंबट घातल्यावरही त्यातून लाल उठले नाही. कार्थमिनला उष्णता सोसत नाही. पळस, हळद, कात या रंगांची सवय असलेल्या माणसाचा हात आपोआप चुलीकडे जातो, कारण ते सारे उकळून काढायचे रंग आहेत. कुसुंबीसाठी चूल फक्त निवळी आटवण्यापुरती पेटवावी, आणि निवळी मातीच्या घागरीत ओतून पूर्ण गार झाल्याशिवाय पाकळ्यांना हात लावू नये.

७ फेब्रुवारी

नव्या पाकळ्या, नवी धुलाई, गार निवळी. अर्धा तास हाताने मळून पिळल्यावर गडद तांबूस पाणी मिळाले. पुन्हा थोडी निवळी घालून दुसरा पिळा काढला आणि दोन्ही एकत्र केले. हे पाणी फार वेळ ठेवता येत नाही, खारात लाल हळूहळू मरतो. तासाभरात आंबट घालायला हवे.

आंबट म्हणून घरची आमसुले भिजवून त्यांचे पाणी घातले. कोकणात रंगकाम करताना कोकम वापरावे, यात मला औचित्य दिसत होते. कापड सुंदर गुलाबी झाले. परंतु शंका आली म्हणून शेजारी नुसत्या आमसुलाच्या पाण्यात दुसरा तुकडा बुडवला, तर तोही जवळपास तसाच झाला. दोन्ही साध्या पाण्याने धुतले. आमसुलाचा तुकडा पांढरा झाला आणि कुसुंबीचा अर्ध्याहून फिका. म्हणजे जो रंग पाहून आनंद झाला होता, त्यातला मोठा भाग कोकमाचाच होता. कोकमाचे स्वतःचे लाल द्रव्य खाराच्या संगतीत रंगही पालटते, त्यामुळे नेमके काय चालले आहे हे डोळ्यांना कळत नाही. कोकम इथे वापरू नये. आगळ तर नकोच, त्यात मीठही असते.

१० फेब्रुवारी

परसातील बिंबलीला फळे लागली आहेत. बिंबलीचा रस कडक आंबट आणि जवळजवळ पाण्यासारखा स्वच्छ असतो, म्हणजे हवे ते सर्व आहे आणि नको तो रंग नाही. फळे ठेचून, पिळून, दोनदा गाळून रस तयार ठेवला.

नव्याने काढलेल्या तांबूस पाण्यात रस थेंबाथेंबाने सोडला. प्रत्येक थेंबाला फेस उसळतो, कारण राखेतील खार आणि आंबट एकमेकांना मारतात. सुरुवातीला पाण्यात काहीच फरक दिसत नाही. मग फेसाच्या कडा गुलाबी होतात, ढवळलेल्या जागी लाल रेघ उठते आणि विरते, आणि एका विशिष्ट क्षणी, पट्टी सहाच्या जवळ आली की, सगळे पातेले तळापासून लाल होते. तपकिरीचा मागमूस राहत नाही. मांजरपाटाचा खळ काढलेला ओला तुकडा त्यात सोडला, तेव्हा आधी घडीच्या कडा रंगल्या, मग धाग्यांची उभी-आडवी वीण गुलाबी रेषांनी दिसू लागली आणि मग मधला भाग भरला. तासाभराने कापड गडद झाले आणि पाणी फिके पडले. तुरटी लागली नाही, उकळी लागली नाही. आंबटामुळे लाल द्रव्य पाण्यात राहू शकत नाही आणि सुताच्या धाग्याला धरते.

साध्या पाण्याने धुतले, मग बिंबलीचे चार थेंब टाकलेल्या पाण्याने. रंग जागेवर राहिला. हा खरा कुसुंबी. काकूंनी सांगितला होता तसा, गडद गुलाबी, निळसर झाक असलेला.

१३ फेब्रुवारी

उरलेल्या पाकळ्या दोन भागांत विभागून तीन चाचण्या केल्या, कारण गुरुजींचे मत अजून उभे होते.

एका भागात पिवळा पूर्ण धुतला नाही, मुद्दाम राखला, आणि त्याच पाण्यात सुती व रेशमी तुकडे एकदम सोडले. सुती तुकडा गुलाबीच झाला, कारण सुताला पिवळा धरत नाही. रेशमी तुकडा नारिंगी-लाल झाला, कारण रेशमाला दोन्ही धरतात. पातेले एक, आंबट एक, वेळ एक, आणि बाहेर आलेले रंग दोन. रेशमी तुकडा सुकत घातला होता तेव्हा शेजारच्या आजी म्हणाल्या, "हो कुसुंबी न्हय, हो अबोलेचो रंग." आणि खरोखर फलकावरील अबोलीच्या कापडाशेजारी तो ठेवला तर फरक सांगणे कठीण होते.

दुसऱ्या भागात पिवळा कसून धुतला आणि एकच सुती तुकडा पुन्हा पुन्हा ताज्या लाल पाण्यात बुडवला. प्रत्येक बुडीला गुलाबी गडद होत किरमिजीकडे सरकला आणि निळसर झाक वाढली. दुकानातील पैठणीच्या जांभळट लालपर्यंत तो पोहोचला नाही, पण दिशा तीच होती. जुने रंगारी निळीवर कुसुंभ चढवून जांभळे रंगही काढत. आजच्या दुकानातील रंग कृत्रिम असला तरी त्याला कुसुंबी म्हणणारा रंगारी निराधार बोलत नव्हता, असे माझे मत झाले आहे.

रेशमाला निखळ गुलाबी द्यायचा असेल तर आधी सुतावर लाल बसवावा, मग ते सुती कापड खाराच्या पाण्यात घालून लाल पुन्हा सोडवावा, आणि त्या पाण्याला आंबट करून त्यात रेशीम बुडवावे. सूत इथे चाळणीचे काम करते, पिवळा मागे राहतो. जपानमधील रंगारी याच युक्तीने रेशमाचा शुद्ध बेनी, म्हणजे करडईचा लाल, काढतात. एक छोटी लडी या रीतीने केली आणि ती सुती तुकड्याशी जुळली.

तेव्हा काकू, गुरुजी आणि दुकानदार या तिघांनाही एकाच फुलाचे वेगवेगळे टप्पे माहीत होते. कुसुंबी या शब्दाला एकच छटा चिकटवणे म्हणजे या फुलाचा स्वभाव नाकारणे आहे. फलकावर आता एक तुकडा लावायचा नाही, चार लावायचे.

१६ फेब्रुवारी

कोशिंबाला पालवी आली. कोवळी लाल पाने खुडून एका भागाला गार पाण्यात, दुसऱ्याला उकळत्या पाण्यात ठेवले. पाण्याला फिकट गुलाबी-तपकिरी रंग आला, कापडावर धुतल्यानंतर मळकट बदामी छटा उरली. तुरटी लावलेल्या तुकड्यावरही फरक पडला नाही. त्याची फुले तर बारीक, हिरवट पिवळी असतात. कुसुंबी रंग या झाडाच्या पाल्याफुलांतून आलेला नाही.

परंतु या झाडाला रंगाच्या गोष्टीतून पूर्ण बाहेर काढता येत नाही. लाखेचे किडे ज्या झाडांवर पोसतात त्यांत हे झाड नावाजलेले आहे, आणि त्याच्यावरील लाखेला कुसुमी लाख असे स्वतंत्र नाव आहे. पळस आणि बोरीवरील लाखेला रंगीनी म्हणतात. लाखेतूनही लाल रंग निघतो. एका नावाचे झाड आणि एका नावाचे फूल, दोहोंच्या आसपास लाल रंग, त्यामुळे कोकणात हा गैरसमज रुजला असेल तर त्यात नवल नाही. चिठ्ठीवर दोन ओळी याविषयी द्यायला हव्यात, नाहीतर फलकासमोर पहिला प्रश्न हाच येईल.

१९ फेब्रुवारी

टिकाऊपणाची चाचणी. एक सुती पट्टी नेहमीच्या कपड्यांच्या साबणाने धुतली; साबणाचा खार लागताच लाल सुटून फेसात आला आणि पट्टीवर फिकट मळकट पिवळसर डाग राहिले. दुसरी रिठ्याच्या पाण्याने हलक्या हाताने धुतली, तिचा रंग बऱ्यापैकी राहिला. तिसरी पट्टी पुठ्ठ्यात अर्धी झाकून दक्षिणेकडील खिडकीत लावली आहे.

साबणाचा फेस गुलाबी होताना पाहून चौदाव्या शतकातील विश्वनाथाच्या साहित्यदर्पण या संस्कृत काव्यशास्त्रग्रंथातील वर्गीकरण आठवले. त्याने पूर्वरागाचे, म्हणजे मीलनापूर्वीच्या प्रेमाचे, तीन प्रकार रंगांवरूनच सांगितले आहेत. नीलीराग, म्हणजे निळीसारखा, फार झळकत नाही पण जातही नाही. मंजिष्ठाराग, म्हणजे मंजिष्ठा वेलीच्या मुळांच्या लाल रंगासारखा, झळकतो आणि टिकतो. कुसुंभराग झळकतो आणि उडून जातो. शीख गुरुवाणीतही कसुंभा हा ओसरणाऱ्या रंगाचा दाखला म्हणून येतो आणि त्याच्यासमोर मजीठ, म्हणजे मंजिष्ठा, उभी केली जाते. मी हे पूर्वी केवळ अलंकार म्हणून वाचत आलो होतो. आता वाटते की त्या काळी ज्यांनी हे ऐकले, त्यांच्या घरी कुसुंबी वस्त्र धुऊन फिके पडलेले असणार आणि त्यांना समजावून सांगण्याची गरज पडली नसणार. कुसुंबी या शब्दाचा हाही एक अर्थ आहे, रंगाइतकाच जुना, आणि आजच्या मराठीतून तो जवळजवळ गेला आहे. फलकावर त्याला जागा द्यावी असा माझा आग्रह राहील.

२४ फेब्रुवारी

चिठ्ठीचा मजकूर ठरला. कुसुंभ म्हणजे करडई. तिच्या लाल झालेल्या फुलांचा रंग तो कुसुंबी. सुतावर गुलाबी, रेशमावर नारिंगी-लाल, अनेक बुडींनी किरमिजी. कोशिंबाच्या झाडाशी संबंध नाही. काव्यात लवकर ओसरणाऱ्या अनुरागाचे नाव. गुरुजींनी एक वाक्य वाढवायला सांगितले आणि ते योग्यच होते: इंग्रजीतील मॉव्ह हे नाव जास्वंदीच्या कुळातील एका फुलाचे फ्रेंच नाव आहे आणि फुक्सिन हे नाव फ्युशियाच्या फुलावरून आले, परंतु १८५६ मध्ये विल्यम पर्किनने काढलेला मॉव्ह आणि १८५९ मधील फुक्सिन हे दोन्ही रंग कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या द्रव्यांतून निघाले, फुलाने त्यांना फक्त नाव दिले. त्या कृत्रिम रंगांच्या लाटेतच कुसुंभाचा व्यापार मागे पडला. कुसुंबीत नाव आणि रंग दोन्ही त्याच फुलाचे आहेत, हे वाचकाला या तुलनेतून चटकन कळते.

खर्चाचा हिशेब: पहिल्या पाकळ्या १८०, दुसऱ्या पाकळ्या पार्सलसह ६९०, मांजरपाट १४०, रेशमाच्या लड्या ३५०, पीएच पट्ट्या १२०. एकूण १४८० रुपये. राख, लिंबे, बिंबल्या आणि मलमल घरची. जुन्या पाकळ्या आणि गरम निवळीपायी गेलेला भाग टाळला तर हेच काम बाराशेच्या आत बसेल. पाकळ्या धुण्याला मात्र पूर्ण एक दिवस धरावाच, त्यात काटकसर होत नाही.

२० मार्च

खिडकीतील पट्टी काढली. पुठ्ठ्याखालचा भाग जवळजवळ जसाच्या तसा आहे. उघडा भाग मोतिया पांढरा झाला आहे आणि दोहोंमधील रेघ पट्टीने आखल्यासारखी सरळ दिसते. फलकावरील चारही तुकडे खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला असल्याने ठीक आहेत, तरी रेशमी तुकड्याची वरची कड थोडी उतरली आहे. वाचनालयाने आता त्यांच्यावर जाड कापडाचा पडदा लावला आहे, वाचकाने तो स्वतः उचलून पाहावा अशी व्यवस्था केली आहे, आणि खिडकीतील पट्टीही फलकाच्या तळाशी कुसुंभरागाच्या ओळीशेजारी लावली आहे.

ज्यांना हे करायचे आहे त्यांनी नमुन्याचा दुसरा संच काळ्या कागदात गुंडाळून, सुक्या डब्यात ठेवावा. पुढच्या रब्बीच्या पाकळ्यांसाठी सोलापूरच्या त्याच कुटुंबाला आत्ताच सांगून ठेवले आहे. यंदा उशीर झाला, तसा पुन्हा होऊ नये.